अस्वलाच्या शिकारीवरचा चंद्र

१

बंदूक कारागिरांच्या मंडळाच्या लांब मेजावर त्या मंगळवारी दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि मेजाभोवतीच्या अकरा उस्तादांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. अकरा कारागीर एकत्र बसलेत आणि गप्प आहेत, असं ऑग्सबुर्ग शहरात याआधी फक्त प्लेगच्या साली झालं होतं.

दोन्ही शिकारीच्या बंदुका. दोन्हींचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे आणि त्यांच्या डाव्या अंगावर हरणाच्या शिंगाची पांढरीशुभ्र नक्षी जडवलेली. चित्रही तेच: तीन शिकारी, सहा कुत्री आणि नळीच्या तोंडाकडे जीव घेऊन पळणारं अस्वल. एका शिकाऱ्याची टोपी वाऱ्याने मागे उडालेली. ती टोपीसुद्धा दोन्हीकडे त्याच कोनात, तेच पीस खोचलेली.

पहिली बंदूक उस्ताद बाल्थाझारने जुलैअखेर, संत याकोबच्या सणाला मंडळाला दाखवली होती. दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे आज सकाळी, अपोलोनियाने आणली होती. अपोलोनिया ही लिनहार्ट दस्तेवाल्याची विधवा. चार वर्षं ती नवऱ्याचं दुकान चालवत होती आणि चार वर्षं मंडळ वाट बघत होतं, ही बाई कधी थकते याची.

"नक्कल," मंडळाचा म्होरक्या होल्त्समान म्हणाला. त्याचा चेहरा असा होता की चांगली बातमी देतानाही तो मर्तिकाला आल्यासारखा वाटे. "दुसऱ्याची नक्षी उचलणाऱ्याला काय शिक्षा आहे, अपोलोनियाबाई, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. दस्ता करवतीने दोन तुकडे, घरचा ठसा ऐरणीवर ठेचायचा आणि दुकानाला कुलूप. फक्त ते ज्याने उचलली त्याचं करायचं असतं."

बाल्थाझार उठला. हा माणूस पोटाने पुढे आणि आवाजाने मऊ. "कशाला वाद वाढवतेस, पोरी? लिनहार्ट माझा मित्र होता. घाईत चूक झाली म्हण, मी मोठ्या मनाने—"

"मला पोरी म्हणू नका, उस्ताद. दात मोजायला बसलो, तर माझे तुमच्यापेक्षा दोनच जास्त निघतील. आणि तुमचं मन मोठं असेल तर नक्षी त्यातून काढायची होती. माझ्या दुकानातून कशाला?"

दोन उस्ताद खोकले. खोकला हा त्या खोलीत हसण्याचा परवाना होता.

"पुरावा?" होल्त्समानने विचारलं.

पुरावा नव्हता. तिच्याकडे फक्त स्वतःचे हात होते आणि हातांची साक्ष मंडळात चालत नसे. बाल्थाझारची बंदूक आधी आली, ही गोष्ट मात्र अकरा जणांनी डोळ्यांनी बघितली होती.

"शुक्रवारी निकाल," होल्त्समान म्हणाला. "तोवर दोन्ही बंदुका नळीघरात, नळ्या तपासणाऱ्या उर्बानच्या ताब्यात राहतील. आणि बाई, शुक्रवारी येताना ठसा घेऊन या."

२

घरी पोचते तो धाकटा दीर दारात उभा. हातात प्लमच्या केकचं ताट, वर फडकं झाकलेलं. योर्गचा धंदा चाप घडवण्याचा. बंदुकीची नळी एक जण करतो, चाप दुसरा, दस्ता तिसरा, आणि दोष निघाला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. अपोलोनियाच्या बंदुकांना चाप योर्गचाच असे.

"वहिनी, सगळं कळलं. आधी दोन घास खा."

"भाऊजी, या गावात बातमी तुमच्या केकपेक्षा लवकर भाजते वाटतं."

तो हसला, बसला आणि केक स्वतःच कापू लागला. "मी काय म्हणतो, कबूल करून टाक. मंडळ दया दाखवेल. दुकान जाईल, पण तू कुठं रस्त्यावर पडणार आहेस? मी आहे ना. वरची खोली तुझीच राहील."

"वरची खोली. आणि खालचं दुकान?"

योर्गने सुरी पुसली. घर सासऱ्याचं होतं. सासऱ्याने लिहून ठेवलं होतं की खाली दस्त्यांचं काम चालेल तोवर घर लिनहार्टच्या बाजूला, काम थांबलं की धाकट्याला. योर्गच्या घरी पाच मुलं आणि दोन खोल्या होत्या. त्याचा हेवा समजण्यासारखा होता. म्हणूनच अपोलोनियाने आजवर त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

"स्प्रिंगचं काय झालं होतं हो, भाऊजी?" तिने सहज विचारलं.

"कुठल्या स्प्रिंगचं?"

"या चापाच्या. जूनमध्ये दस्ता आठ दिवस तुमच्याकडे होता, चाप बसवायला. मग म्हणालात, स्प्रिंग कच्ची निघाली, आठ दिवसांत देतो. आठाचे चाळीस झाले. तेवढ्यात याकोबचा सण उरकला आणि बाल्थाझार माझ्या आधी मंडळात पोचला."

"पोलाद वाईट आलं होतं, वहिनी. आता पोलादाला काय मी जाब विचारू?"

"नाही. जाब मीच विचारेन. केक न्या. पोरांना द्या."

तो गेल्यावर तिने दार लावलं. योर्गने पोलादाला नावं ठेवणं नवीन नव्हतं. नवीन एवढंच, की बोलताना तो एकदाही तिच्या तोंडाकडे बघून बोलला नाही. पण डोळे चुकवणं हा गुन्हा असता, तर अर्धं गाव तुरुंगात असतं. आणि गाव तर वेगळंच नाव घेत होतं.

३

गाव नार्त्सिसचं नाव घेत होतं.

नार्त्सिस तिचा कारागीर. शिंगावर कोरण्यात त्याच्या तोडीचा हात शहरात नव्हता. सहा वर्षं तिच्याकडे राहिला आणि याकोबच्या सणाच्या आदल्या आठवड्यात सामान बांधून थेट बाल्थाझारकडे गेला. दोन आणि दोन चार करायला गावाला शाळा लागत नाही.

बाल्थाझारच्या मागच्या अंगणात तो शिंग कापत होता. जळक्या केसांसारखा वास सुटला होता. तिला बघून त्याने करवत खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"मालकीणबाई, तुम्ही इथं यायला नको होतं."

"तू यायला नको होतंस. मी फक्त तुझ्या मागं आले. का सोडलंस रे?"

"उस्ताद व्हायचंय मला. होल्त्समान म्हणाले, बाईच्या हाताखालची वर्षं धरत नाहीत. सहा वर्षं, बाई! सहा वर्षं पाण्यात."

"आणि जाताना माझं अस्वल घेऊन गेलास?"

त्याचे कान लाल झाले. रागाने की लाजेने, हे कानांवरून कळत नाही. "मी आलो तेव्हा यांची बंदूक पुरी होती, फक्त तेल लावायचं राहिलं होतं. बघितली आणि तुमचं अस्वल ओळखलं. म्हटलं बोलावं. मग म्हटलं, बोललो तर इथूनही जाईन. गप्प बसलो. त्याबद्दल मला काय हवं ते म्हणा. पण चोर म्हणू नका."

"का नको म्हणू?"

"कारण त्यात माझं कुत्रं नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की वरची खिडकी उघडली. त्याने आवाज खाली आणला. "तुमच्या दस्त्यावर शेवटचं सातवं कुत्रं मी बसवलं. कान खाजवणारं. लोक पहिल्या नजरेत मोजतच नाहीत, कोपऱ्यात बसलंय ना. आयुष्यात इतकं बरं कुत्रं मी दुसरं कोरलं नाही. मी नक्षी विकली असती, तर बाकी सगळं गेलं असतं तरी ते कुत्रं सोडलं असतं का?"

अपोलोनियाला ते पटलं. कारागिराचा गर्व ही मोठी खात्रीची चीज. माणूस देवाची शपथ खोटी घेईल, पण स्वतःचं चांगलं काम गाळणार नाही.

"ते कुत्रं आपण का बसवलं होतं, आठवतंय?"

"दस्ता योर्गदादांकडून परत आला तेव्हा शिंगाला अवजाराचा चावा बसला होता. त्यांनी स्वतः आणून दिला आणि माफी मागितली. ग्राहकाला दिसू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी, जेवायच्या आत, वर कुत्रं चिकटवलं."

वरच्या खिडकीतून बाल्थाझारचं डोकं बाहेर आलं. "नार्त्सिस! कोणाशी बोलतोस?"

"माझ्याशी," अपोलोनियाने वर बघून सांगितलं. "तुमच्या घरात एकाला तरी खरं बोलायची सवय राहावी, म्हणून आले होते."

४

तटाला लागून असलेल्या नळीघरात उर्बान दिवसभर दुसऱ्यांच्या बंदुका फोडण्याचा प्रयत्न करत असे. तेच त्याचं काम. नवी नळी आली की तिच्यात दुप्पट दारू ठासायची आणि लांबून पेटवायची. फुटली तर परत, टिकली तर तिच्यावर शहराचा ठसा, पाइनचं फळ. तीस वर्षांत त्याची एक भुवई आणि दोन बोटं गेली होती. जीभ शाबूत होती.

"ये, अपोलोनिया. ठसा ठेचायला माझी ऐरण हवी का? मऊ आहे, दुखणार नाही."

"उर्बानबाबा, ती ऐरण तुमच्या डोक्याखाली उशाला घ्या. मला बाल्थाझारची बंदूक बघायची आहे."

"हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"डोळे लावायचे नाहीत, असाही आहे का?"

"डोळ्यांबद्दल होल्त्समान विसरला," म्हणत त्याने बंदूक खिडकीपाशी धरली.

तिने नक्षी अस्वलाच्या नाकापासून मागे वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली. बाल्थाझारने तीन वस्तू जास्तीच्या कोरल्या होत्या. झाडामागे एक गोल चंद्र. मधल्या फांदीला एक गोल सफरचंद. शेवटच्या शिकाऱ्याच्या पाठीवर एक गोल ढाल.

"बाबा, अस्वलाच्या शिकारीला ढाल घेऊन जाणारा माणूस बघितलाय कधी?"

"अस्वलाने बघितला असेल. आणि हा चंद्र? सावल्या तर भर दुपारच्या पाडल्यात."

तिने कनवटीचा दोरा काढला. बंदुकीला न शिवता, तिच्यावर धरून, जिथं जिथं गोल आला तिथं दोऱ्याला गाठ मारली. तीन गाठी. मग तिची नजर कोपऱ्यात गेली, जिथं तिच्या दस्त्यावर सातवं कुत्रं होतं. इथं कुत्रं नव्हतं, गवत होतं. पाच पाती, सरळ, उभी, एकसारख्या अंतरावर.

"याच्याकडं गवतही कवायतीला उभं राहतं," उर्बान म्हणाला.

ती हसली नाही. "बाबा, बाल्थाझार नळी दस्त्यात कशी अडकवतो?"

"तू मला विचारतेस? नळीच्या पोटाखाली तीन कड्या असतात, त्यांतून आडव्या खिळी. बाल्थाझार खिळी उजवीकडून ठोकतो आणि लाकडातच थांबवतो. डावं अंग कोरं. त्याच्या बापाचीही हीच रीत. तुझ्या घरचं उलटं, खीळ आरपार आणि टोक उघडं. लिनहार्ट म्हणायचा, लपवायला मी काय चोरी केलीय?"

"आणि माझ्या बंदुकीची ही नळी तुमच्याकडे कधी आली होती?"

"ईस्टरनंतरच्या आठवड्यात. कड्यांसकट. मागाहून जाळ लावून कडी जोडली की पोलाद बिघडतं, म्हणून कड्या नसलेली नळी मी हातातच घेत नाही." तो थांबला. एकुलती भुवई हळूहळू वर गेली. "अपोलोनिया, तू काय विचार करतेयस?"

तिने दोरा शेजारच्या आपल्या बंदुकीवर एकदा धरून बघितला आणि गुंडाळून मुठीत घेतला. "शुक्रवारी या, बाबा. येताना खीळ ठोकायचा सुंबा आणा. आणि योर्गलाही निरोप द्या, साक्षीला ये म्हणावं. तो नाही म्हणणार नाही. मला बुडताना बघायला तो पहिल्या बाकावर बसेल."

५

योर्ग खरंच पहिल्या बाकावर बसला. साक्षही गोड दिली. वहिनी कष्टाळू आहे, पण याकोबच्या सणाला बाल्थाझारची बंदूक बघितल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दस्ता त्याच्याकडे आला तो सणानंतरच, आणि कोरा. नक्षीचा पत्ता नव्हता.

"कोरा?" अपोलोनियाने विचारलं.

"कोरा, वहिनी. मला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"ते शेवटी सांगते. आधी मोठ्या माणसाचं काम." ती बाल्थाझारकडे वळली. "उस्ताद, तुमच्या चित्रात चंद्र का आहे?"

"शोभा म्हणून."

"दुपारी? आणि सफरचंद? आणि पाठीवर ढाल?"

"नक्षी आहे ती. कल्पना असते कारागिराची. बाईच्या लक्षात यायची नाही."

"शोभेला तीन गोल. तिन्ही एका रेषेत, एकाच मापाचे. उर्बानबाबा, माझी नळी सोडवा."

उर्बानने तिच्या बंदुकीच्या डाव्या अंगावरची उघडी लोखंडी टोकं सुंब्याने एकेक करून दाबली. तीन खिळी मेजावर टणटण पडल्या. दस्त्यात तीन गोल भोकं राहिली आणि नळी मोकळी झाली.

"आता ही नळी उस्तादांच्या दस्त्याशेजारी धरा. मागचं टोक मागच्या टोकाला."

अकरा डोकी पुढे झुकली. नळीच्या पोटाखालची पहिली कडी चंद्रासमोर आली. दुसरी सफरचंदासमोर, तिसरी ढालीसमोर. केसाचाही फरक नव्हता.

"आता उस्तादांची स्वतःची नळी काढा."

"त्याची काही गरज—" बाल्थाझार म्हणाला. पण उर्बानने ती काढलीही होती. तिच्या कड्या भलत्याच जागी होत्या. एक अस्वलाच्या पोटाखाली, एक दोन कुत्र्यांच्या मधे.

"दोन नळ्यांच्या कड्या कधी सारख्या जागी नसतात," अपोलोनिया म्हणाली. "माझ्या दस्त्यावर कागद ठेवून कोळसा घासला, तर शिंगावरची रेघ उठते आणि खिळीच्या जागी नुसता कोरा गोल उठतो. ज्याच्या घरी डाव्या अंगाला कधीच खीळ दिसली नाही, त्याला तो गोल चित्रातलाच वाटणार. उस्तादांनी इमानाने तिन्ही गोल उतरवले. मग त्यांचं करायचं काय? एकाचा चंद्र केला, एकाचं सफरचंद. तिसऱ्यापर्यंत कल्पना संपली असावी."

बाल्थाझारचा मऊ आवाज फाटला. "उलटं का नसेल? माझे गोल बघून हिने आपल्या कड्या त्या जागी बसवल्या असतील!"

"ही नळी मी ईस्टरनंतर उडवली," उर्बान म्हणाला. "कड्या तेव्हाच होत्या. वर माझा ठसा आहे. माझ्या ठशाला खोटं म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हण, बाल्थाझार. तीस वर्षं बार ऐकलेत, हळू बोललेलं मी मनावर घेत नाही."

कोणी खोकलं नाही. सगळे उघडपणे हसले. होल्त्समान सोडून.

"कागद कोणी घासला?" त्याने विचारलं. "तुमचा कारागीर नार्त्सिस?"

"नाही." तिने पातळ सुरी काढली आणि स्वतःच्या दस्त्यावरचं कान खाजवणारं सातवं कुत्रं अलगद उचकटलं. भिंतीशी उभ्या नार्त्सिसने डोळे मिटून घेतले. खाली शिंगावर चाव्याच्या पाच खुणा होत्या. सरळ, उभ्या, एकसारख्या अंतरावर.

"आता उस्तादांच्या दस्त्यावर तीच जागा बघा. पाच पाती गवत. कागद घासला तेव्हा चावा बसला होता, पण कुत्रं बसलं नव्हतं. कुत्रं बसलं ते दस्ता घरी आला त्याच संध्याकाळी, जेवायच्या आत. मग त्याआधी दस्ता होता कुठं?" तिने मेजाभोवती नजर फिरवली. "लाकडाच्या कारागिराच्या, काम आवळून धरायच्या शिकंज्याला चामडं लावलेलं असतं. दात कोणाच्या शिकंज्याला असतात, उस्ताद?"

"लोखंडवाल्यांच्या," तीन-चार आवाज एकदम आले.

पहिल्या बाकावर योर्ग उठून उभा राहिला होता. दाराकडे जायचं की नाही, हे त्याच्या पायांचं ठरत नव्हतं.

"कोरा होता ना, भाऊजी? कोऱ्या लाकडातल्या शिंगाला तुमचा शिकंजा कसा चावला?"

"वहिनी, पाच पोरं आहेत मला," तो पुटपुटला. "दोन खोल्या. तू एकटी एवढ्या घरात—"

"मागितलं असतंत तर वरचा मजला दिला असता. तुम्ही मला माझ्याच घरातली वरची खोली देऊ केलीत. जा. पोरांना माझ्याकडे धाडत जा, त्यांचा यात दोष नाही. तुम्ही मात्र उंबरा ओलांडायचा नाही. चाप मी दुसरीकडून घेईन, आणि तो आठ दिवसांत मिळेल."

६

उस्तादांनी डोकी एकत्र केली. चूक कबूल करायला अकरा जणांना अर्धा तास लागला, म्हणजे फार लागला असं नाही.

होल्त्समान तिच्याकडे वळला. "दुकान चालू राहील. नार्त्सिसची सहा वर्षंही धरली जातील. बाल्थाझार वर्षभर मंडळाबाहेर." मग त्याने घसा साफ केला. "राहता राहिला त्याचा दस्ता. नियमाने करवत. पण बाई, काम देखणं आहे. आमचं म्हणणं, तो मंडळाने ठेवून घ्यावा, कपाटात. नाव कोणाचंच घालायचं नाही. उगाच कशाला नासधूस? तुम्हीही कारागीर आहात, तुमचाही हात धजणार नाही."

खोलीत सगळ्यांना हे फारच समजूतदारपणाचं वाटलं. नार्त्सिससुद्धा त्या दस्त्याकडे कळवळून बघत होता.

"मंगळवारी माझा दस्ता कापायचा होता," अपोलोनिया म्हणाली, "तेव्हा तो देखणा नव्हता का?"

होल्त्समान झग्याची बाही नीट करू लागला.

"अस्वल माझं आहे. टोपी माझी आहे. त्यांचं काय करायचं ते मी सांगणार. नाव न घातलेलं माझं काम तुमच्या कपाटात राहायचं नाही. करवत कुठं आहे?"

शिपायाने करवत आणली आणि सवयीने होल्त्समानपुढे धरली. तिने ती मधेच घेतली. दस्ता मेजाच्या कडेवर टेकवून गुडघ्याने दाबला आणि कापायला लागली. शिंगापाशी करवत किरकिरली, लाकडात सरळ चालली. अकरा जण तोंडं आवळून ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

शेवटी दोन तुकडे दोन बाजूंना पडले. तिने आपली नळी, आपला दस्ता आणि तीन खिळी गोळा केल्या, उचकटलेलं कुत्रं नार्त्सिसच्या तळहातावर ठेवलं. "सोमवारी ये. सरस तयार ठेवते." मग ती दाराकडे निघाली.

"बाई," मागून होल्त्समान म्हणाला. मेजावर, खुर्च्यांवर, त्याच्या काळ्या झग्यावर पांढरा-तपकिरी भुसा पसरला होता. कोपऱ्यातल्या झाडूकडे त्याने नकळत बोट केलं. "हे सगळं..."

अपोलोनियाने दारात वळून बघितलं.

"ते अकरा जणांत वाटून घ्या," ती म्हणाली आणि जिन्याने खाली उतरली.